चेरोकींची न्यायालयं 1898 मध्ये बंद का झाली, आणि आज खटला नेमका कुठे चालतो?

सदाफुली

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 9 जुलै 2020ला मॅक्गर्ट खटल्यात ठरवलं की ओक्लाहोमातला मस्कोगी या मूळनिवासी जमातीचा आरक्षित प्रदेश कधी रद्द झालेलाच नव्हता. मार्च 2021 मध्ये तिथल्या फौजदारी अपील न्यायालयाने हॉग्नर खटल्यात तोच न्याय चेरोकी या दुसऱ्या मूळनिवासी जमातीला लावला. इथवर कळलं. पण मागचा इतिहास शोधायला गेलं की "त्यांच्यात खुनाला खून असायचा" एवढ्यावर भागवलेलं असतं, नाहीतर लेख थेट त्यांना पश्चिमेला हाकलण्यात आलं त्या 1838च्या हकालपट्टीवर जातो. मधलं काहीच हाती लागत नाही.

तीन गोष्टी अडल्या आहेत. चेरोकींकडे न्यायालय म्हणावं अशी व्यवस्था होती का, की वडीलधाऱ्यांची बैठकच? ती होती तर 1898ला काँग्रेसने (म्हणजे अमेरिकेच्या संसदेने) बंद का केली? आणि आज टल्सासारख्या शहरात मारामारी झाली तर आरोपीला कोणत्या कोर्टात न्यायचं हे कुणी आणि कसं ठरवायचं? जाणकारांनी क्रमाने सांगावं.

जुनी_दप्तरे

पहिल्या प्रश्नाचं बघतो. "खुनाला खून" हे अर्धंच आहे, आणि सगळा गैरसमज त्या अर्ध्यातून होतो.

चेरोकींच्या सात कुळ्या: लांडगा, हरीण, पक्षी, रंग, लांब केस, रानबटाटा आणि निळी. कूळ आईकडून मिळतं. म्हणजे मुलाच्या लेखी बाप परक्या कुळातला, आणि त्याच्यावर खरा अधिकार मामाचा. माणूस मारला गेला की त्याच्या कुळातला एक जीव कमी झाला आणि मारणाऱ्याच्या कुळाकडे एका जीवाचं देणं निघालं. ते वसूल करणं हे मृताच्या भावाचं किंवा मामाचं काम. जीवाला जीव मिळाला की हिशेब मिटला, वसूल करणाऱ्यावर पुन्हा सूड उगवायचा नाही. पिढ्यानपिढ्या चालणारं वैर त्यातून उभं राहत नसे, आणि हे बाहेरून बघणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

त्यात खोट होती ती दोन जागी. एक, हेतू विचारात घेत नसत. शिकारीत चुकून कुणी मेलं तरी देणं लागूच. दुसरी, मारणारा पळून गेला तर त्याच्या कुळातला दुसरा कुणीही चालायचा. सुटकेची एक वाट होती, चोटासारखं शांततेचं गाव. तिथे पोचलेल्याच्या अंगाला कुणी हात लावत नसे.

आता 11 सप्टेंबर 1808. ब्रूम्स टाउन इथे पहिला लेखी कायदा झाला. मुख्य दुखणं घोडेचोरीचं होतं. त्यासाठी गस्तीच्या तुकड्या नेमल्या, त्यांनाच पुढे लाइटहॉर्स म्हणायला लागले. एका तुकडीत सहा जण: वर्षाला 50 डॉलरवर कॅप्टन, 40वर लेफ्टनंट आणि 30 डॉलरवर चार शिपाई. घोडा चोरला तर उघड्या पाठीवर 100 फटके. पण माझ्या मते कायद्याचा जीव त्यातल्या एका छोट्या कलमात आहे: पकडताना चोराने प्रतिकार केला आणि तो मारला गेला, तर त्याच्या कुळाने मारणाऱ्याकडे जीव मागायचा नाही. हे कलम नसतं तर लाइटहॉर्स एक दिवसही चालली नसती. प्रत्येक अटकेबरोबर शिपायाच्या कुळावर एका जीवाचं कर्ज चढलं असतं. कुळाच्या हातातला बदला राष्ट्राच्या हातात जायला सुरुवात झाली ती इथून.

10 एप्रिल 1810ला उस्तनाली इथे सातही कुळांनी मिळून ठरवलं की आजवरची जीवांची सगळी देणी माफ, आणि यापुढे अपघाताने झालेला मृत्यू हा खून नाही. वर सांगितलेली पहिली खोट अशी निघाली. ही गोष्ट बाहेरच्या कुणी लादली नव्हती. ज्यांचं येणं होतं त्यांनीच ते सोडलं.

पुढचा वेग बघा. 1820ला राष्ट्राचे आठ जिल्हे पाडले. प्रत्येक जिल्ह्याला एक न्यायाधीश आणि एक मार्शल (म्हणजे पोलीस अधिकारी), दर दोन जिल्ह्यांवर एक फिरता न्यायाधीश. निकालाची अंमलबजावणी व्हावी म्हणून लाइटहॉर्स त्याच्याबरोबर फिरे. 1822ला वरिष्ठ न्यायालय स्थापन झालं. जुलै 1827च्या राज्यघटनेत तीन न्यायाधीशांचं सर्वोच्च न्यायालय आलं, मुदत चार वर्षं. त्याच घटनेत आरोपीला आरोपाचं स्वरूप कळण्याचा, साक्षीदाराला समोरासमोर बघण्याचा आणि निःपक्ष ज्यूरीपुढे लवकर सुनावणी होण्याचा हक्क लिहिलेला आहे. राजधानी न्यू एकोटा, म्हणजे आजच्या जॉर्जियातल्या कॅलहूनजवळ. त्या जागी न्यायालयाची इमारत पुन्हा उभारलेली आहे, बघता येते.

शिक्षा कडक होत्या, ते झाकून ठेवायचं कारण नाही. 1825च्या कायद्यात बलात्काराला पहिल्यांदा 50 फटके आणि डावा कान मुळापासून छाटणे, दुसऱ्यांदा 100 फटके आणि दुसरा कान, तिसऱ्यांदा मृत्यू. तुरुंगच नव्हता, त्यामुळे शिक्षा शरीरावरच होत असे.

खटलेवाचक

जुनी_दप्तरे यांनी जिथे सोडलं तिथून उचलतो, कारण याच वळणावर जॉर्जिया मध्ये पडतं.

डिसेंबर 1829च्या कायद्याने जॉर्जियाने चेरोकी प्रदेशावर आपले कायदे लावले, 1 जून 1830पासून चेरोकी कायदे रद्दबातल ठरवले, आणि गोरा माणूस पक्षकार असलेल्या खटल्यात मूळनिवासी माणसाची साक्ष बाद केली. नंतर चेरोकींनी परिषद किंवा न्यायालय भरवणं हाच गुन्हा ठरवला, शिक्षा चार वर्षं सक्तमजुरीची. न्यायालय नीट चालत होतं, म्हणूनच ते भरवणाऱ्याला तुरुंगात घालायची गरज पडली.

त्याच वर्षी कॉर्न टॅसल नावाच्या चेरोकीला जॉर्जियाने पकडलं. खून चेरोकी भूमीवर, मेलेलाही चेरोकी, तरी खटला जॉर्जियाच्या कोर्टात. सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी 12 डिसेंबरला जॉर्जियाला उत्तर द्यायला बोलावलं. जॉर्जियाने ते मानलं नाही आणि 24 डिसेंबर 1830ला टॅसलला फाशी दिली. माणूसच उरला नाही, त्यामुळे तो खटलाही संपला. नंतरचे दोन निकाल सगळे वाचतात (1831चा "अंतर्गत परावलंबी राष्ट्र" म्हणणारा आणि 1832चा वूस्टरचा, चेरोकी भूमीवर राज्याचे कायदे चालत नाहीत म्हणणारा), पण अधिकारक्षेत्राचा खरा रक्तरंजित खटला टॅसलचा.

हकालपट्टीनंतर सप्टेंबर 1839ला पश्चिमेत नवी राज्यघटना झाली, राजधानी टॅलेक्वा. 1844ला तिथे सर्वोच्च न्यायालयाची विटांची इमारत उभी राहिली. आजच्या ओक्लाहोमातली ती सर्वांत जुनी सरकारी इमारत. 1870च्या दशकाच्या मध्यावर वालुकाश्माचा राष्ट्रीय तुरुंग बांधला, हाय शेरीफ त्याचा प्रमुख, आवारातच फाशीची जागा. दोन्ही इमारती आता संग्रहालयं आहेत.

आता दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. चेरोकी न्यायालयाला गोऱ्या माणसाला हात लावता येत नव्हता, आणि दुखणं तिथेच होतं. 1846ला रॉजर्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की चेरोकींनी दत्तक घेतलेला, चेरोकी बायको केलेला गोरा माणूससुद्धा कायद्याच्या लेखी गोराच, त्याचा खटला फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात. 1866च्या तहाने दोन्ही पक्ष चेरोकी असतील तेवढेच खटले चेरोकी न्यायालयाकडे ठेवले. बाकीचे आर्कान्सासच्या सीमेवरच्या फोर्ट स्मिथमध्ये.

ही रेघ प्रत्यक्षात किती घातक होती हे चेरोकींच्या गोइंगस्नेक जिल्ह्यात दिसलं. फेब्रुवारी 1872 मध्ये झीक प्रॉक्टर या चेरोकीने जिम केस्टरसन या गोऱ्यावर गोळी झाडली आणि ती केस्टरसनची चेरोकी बायको पॉली बेक हिला लागून ती मेली. आता मांडणी करा. मृत चेरोकी, आरोपी चेरोकी, म्हणून खून चेरोकी न्यायालयाचा. पण गोळीचा रोख गोऱ्यावर, म्हणून हल्ला फोर्ट स्मिथचा. एकाच गोळीला दोन कोर्टं. केस्टरसनने फोर्ट स्मिथहून वॉरंट मिळवलं. 15 एप्रिलला खटला चालू असताना फेडरल डेप्युटींची सशस्त्र तुकडी तिथे आली. दंगा होणार याची कुणकुण होती, म्हणून न्यायाधीश ब्लॅकहॉक सिक्सकिलर यांनी न्यायालय आधीच राखायला सोप्या अशा शाळेच्या इमारतीत हलवलं होतं. मोठी चूक अशी की त्या तुकडीत पॉलीच्या माहेरचे बेकही होते. म्हणजे सरकारी वॉरंट आणि कुळाचा सूड एकाच दारातून आत शिरले. तुकडीतले आठ आणि न्यायालयाच्या बाजूचे तिघे मेले, न्यायाधीश आणि प्रॉक्टर जखमी. दुसऱ्या दिवशी ज्यूरीने प्रॉक्टरला निर्दोष सोडलं.

यानंतर फोर्ट स्मिथचा वचक वाढतच गेला. 1875 ते 1896 न्यायाधीश आयझॅक पार्कर यांनी 160 जणांना फाशी सुनावली, त्यातल्या 79 जणांची अंमलात आली.

याच सुमाराला टॅल्टन विरुद्ध मेझ हा महत्त्वाचा खटला झाला. टॅल्टन चेरोकी, मारला गेलेलाही चेरोकी. 31 डिसेंबर 1892ला चेरोकी विशेष न्यायालयाने त्याला फाशी सुनावली. त्याच्यावर आरोप ठेवणाऱ्या ग्रँड ज्यूरीत पाचच जण होते. अमेरिकन घटनेनुसार ही ग्रँड ज्यूरी नव्हेच, असा त्याचा दावा. 18 मे 1896ला सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. चेरोकींचा न्याय करण्याचा अधिकार अमेरिकन घटनेतून आलेला नाही, तो तिच्याआधीचा आहे, म्हणून ग्रँड ज्यूरीचा हक्क देणारी घटनेची पाचवी दुरुस्ती त्याला बांधत नाही. दोन वर्षांनी काँग्रेसने ती न्यायालयंच उडवली.

28 जून 1898चा कर्टिस कायदा. कलम 26: फेडरल कोर्टात जमातींचे कायदे लागू होणार नाहीत. कलम 28: 1 जुलैपासून जमातींची न्यायालयं रद्द, चालू खटले फेडरल कोर्टात. म्हणजे मुदत तीन दिवसांची. कारण उघड सांगितलं जात होतं की प्रदेशात बेबंदशाही माजली आहे. 1890च्या शिरगणतीत इंडियन टेरिटरीत (म्हणजे आजच्या ओक्लाहोमातल्या जमातींच्या प्रदेशात) गोरे निम्म्याहून जास्त होते, आणि त्यांच्यावर चेरोकी न्यायालयाला अधिकार नव्हता. ज्यांना हात लावायची बंदी होती त्यांना आवरलं नाही, हा दोष त्याच न्यायालयावर टाकला गेला. खालचं खरं कारण जमीन. सामायिक जमिनीचे तुकडे पाडून नावावर करायचे तर त्याला नाही म्हणणारं कोर्ट जागेवर असून चालणार नव्हतं. मला हे सगळ्या प्रकरणातलं सर्वांत अन्यायाचं वाटतं.

सदाफुली

गोइंगस्नेकचं उदाहरण वाचून तिसरा प्रश्न अजून टोकदार झाला. आजही एकाच गोळीला दोन कोर्टं लागू शकतात का? आणि न्यायालयं परत आली कधी?

अधिकारक्षेत्र

लागू शकतात, तीनही लागू शकतात.

परतीचं थोडक्यात: 1975-76च्या घटनेत तीन सदस्यांचं अपील न्यायाधिकरण आलं. 1988ला एका फेडरल अपील न्यायालयाने मस्कोगींच्या खटल्यात म्हटलं की 1936च्या ओक्लाहोमा कायद्याने कर्टिसची बंदी आधीच उठली होती. त्याने जिल्हा न्यायालयांची वाट मोकळी झाली. आजच्या चेरोकी सर्वोच्च न्यायालयात पाच न्यायाधीश आहेत.

आता टल्सातली मारामारी. वकील याच क्रमाने जातात, क्रम चुकला की खटला फसतो.

आधी जागा. चेरोकी आरक्षित प्रदेश सुमारे 7,000 चौरस मैलांचा, 14 काउंट्यांमध्ये पसरलेला. टल्सा शहर एकसलग चेरोकीत नाही, बराच भाग मस्कोगींकडे येतो. त्यामुळे रस्ता आणि घर क्रमांक नकाशावर टाकून बघतात. जमीन गोऱ्याच्या मालकीची असली तरी आरक्षित प्रदेश तो आरक्षित प्रदेशच, इथे नवखे हमखास चुकतात.

मग आरोपी कोण. फेडरल कायद्याला "इंडियन" म्हणण्यासाठी दोन गोष्टी लागतात: वंशाचा काही अंश, आणि जमातीने किंवा सरकारने तसं मानलेलं असणं. नोंदणीचं प्रमाणपत्र हा उत्तम पुरावा, पण ती गुन्ह्याच्या दिवशी असली पाहिजे. अटक झाल्यावर धावत जाऊन नोंदणी केली तर ती सहसा उपयोगी पडत नाही. त्यानंतर पीडित कोण, आणि शेवटी गुन्हा कोणता.

आरोपी मूळनिवासी आणि गुन्हा खून, बलात्कार, जाळपोळ अशा गंभीर यादीतला असेल तर 1885च्या कायद्याने खटला फेडरल कोर्टात. तोच गुन्हा चेरोकी न्यायालयही स्वतंत्रपणे चालवू शकतं. ती दोन वेगळी सार्वभौम सत्तांची कोर्टं असल्यामुळे एका गुन्ह्याला दोनदा खटला नको हा बचाव चालत नाही. आरोपी मूळनिवासी आणि साधी मारहाण मूळनिवासी माणसालाच असेल तर चेरोकी न्यायालय. आरोपी गोरा (म्हणजे इथे मूळनिवासी नसलेला कुणीही) आणि पीडितही गोरा असेल तर राज्याचं कोर्ट, आरक्षित प्रदेश असला तरी.

आरोपी गोरा आणि पीडित मूळनिवासी असेल तर आधी ते फक्त फेडरलचं काम समजत. 29 जून 2022च्या कास्त्रो-ह्युएर्टा निकालाने पाच विरुद्ध चार मतांनी राज्यालाही अधिकार दिला. त्या खटल्यातली पीडित लहान चेरोकी मुलगीच होती. वूस्टरपासून चालत आलेली समजूत त्या दिवशी मोडली. चेरोकी न्यायालयाला मात्र 1978च्या ऑलिफंट निकालामुळे गोऱ्यावर सरसकट फौजदारी अधिकार नाहीच. 2013ला काँग्रेसने त्यात खिडकी उघडली: घरातली हिंसा, जोडीदाराची हिंसा, संरक्षण आदेशाचा भंग. 2022ला त्यात लैंगिक हिंसा, मुलांवरची हिंसा, पाठलाग असे गुन्हे आले. अट अशी की आरोपीला वकील द्यायचा आणि ज्यूरी निवडताना बिगर-मूळनिवासींना वगळायचं नाही.

रात्री दोन वाजता पोलिसाला हे सगळं ठरवायचं असतं. म्हणून शहर, काउंटी आणि चेरोकी मार्शल यांच्यात परस्पर अधिकार देणारे करार असतात. जो आधी पोचेल त्याने पकडायचं, कोर्ट कोणतं ते कागद बघून. असा करार नसेल तर अटकच बेकायदा ठरायचा धोका असतो.

पूर्वकिनारा

दोन भर.

एक, वरचं सगळं ओक्लाहोमातल्या चेरोकी राष्ट्राचं आहे. हकालपट्टीतून मागे राहिलेल्यांचा पूर्वेकडचा गट उत्तर कॅरोलिनात आहे. त्यांचं स्वतःचं न्यायालय 2000 साली सुरू झालं, त्याआधी तिथे इंडियन ब्युरोचं, म्हणजे केंद्र सरकारच्या मूळनिवासी खात्याचं, कोर्ट होतं. दोन्हींचे निकाल एकमेकांवर बंधनकारक नाहीत, वाचताना गल्लत होते.

दुसरं, "वंशाचा अंश" ही अट थेट 1846च्या रॉजर्स खटल्यातून आली आहे. त्याचा आजचा फटका चेरोकींनी गुलाम म्हणून ठेवलेल्या कृष्णवर्णीयांच्या वंशजांना बसतो. 1866च्या तहाने त्यांना नागरिकत्व मिळालं, 2017ला फेडरल कोर्टाने ते पक्कं केलं, 2021ला चेरोकी सर्वोच्च न्यायालयाने घटनेतले "रक्ताने" हे शब्द काढून टाकले. तरी मूळनिवासी पूर्वजाची नोंद नसलेला असा नागरिक फेडरल फौजदारी कसोटीत "इंडियन" ठरणं अवघड. चेरोकी राष्ट्र त्याला आपला म्हणतं, आणि खटला मात्र राज्याच्या कोर्टात जाऊ शकतो.

सदाफुली

शेवटचं एक. चेरोकी न्यायालय खुनाचा खटलाही चालवू शकतं म्हणालात. मग शिक्षा किती देऊ शकतं?

अधिकारक्षेत्र

टॅल्टनला फाशी सुनावणाऱ्या न्यायालयाच्या वारसाला आज एका गुन्ह्यासाठी जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आणि 15,000 डॉलर दंड, अनेक गुन्हे मिळून नऊ वर्षं. तीही 2010च्या कायद्याच्या अटी पाळल्या तरच: कायदा शिकलेला न्यायाधीश, गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील, प्रसिद्ध केलेले कायदे, कामकाजाचं ध्वनिमुद्रण. यातली एक राहिली तर मर्यादा एक वर्ष आणि 5,000 डॉलर. 1968च्या मूळ कायद्यात ती सहा महिने आणि 500 डॉलर होती, 1986ला वाढवली.

म्हणून खुनाला फेडरल खटला चालूच असला तर उत्तम. तो बारगळला की तीन वर्षांच्या वर जाता येत नाही. मॅक्गर्टनंतर राज्याच्या अनेक शिक्षा अधिकार नव्हता म्हणून रद्द झाल्या, तेव्हा हेच अडचणीचं ठरलं. बहुतेक फेडरल गुन्ह्यांना पाच वर्षांची मुदत आहे, खुनाला नाही. जुन्या दरोड्याच्या किंवा मारहाणीच्या खटल्यात ती उलटून गेलेली असे. ऑगस्ट 2021ला ओक्लाहोमाच्या अपील न्यायालयाने वॉलेस प्रकरणात ठरवलं की अंतिम झालेल्या जुन्या शिक्षांना मॅक्गर्ट मागे जाऊन लागू होणार नाही, आणि तो ओघ आटला. नवे खटले मात्र येतच आहेत. त्यासाठी चेरोकी राष्ट्राला वकील, न्यायाधीश, मार्शल आणि कैद्यांच्या जागा उभ्या कराव्या लागल्या.

पाच जणांच्या ग्रँड ज्यूरीचं काय झालं असं कुणी विचारण्याआधीच सांगतो: 1968च्या त्याच कायद्याने घटनेतले बरेचसे हक्क जमातींच्या न्यायालयांना लागू केले, पण ग्रँड ज्यूरीचा हक्क त्यात घातला नाही. टॅल्टनचा तेवढा भाग आजही जसाच्या तसा उभा आहे.